लांब सुरांची तक्रार

माझ्या केंद्रातली सगळ्यात शांत जागा म्हणजे एक खोका होता. एक माणूस आत बसेल एवढा, आतून भोकाभोकांच्या फळ्या मारलेला, जाड दाराचा. कान तपासायला लोकांना त्यात बसवायचं. दुपारी दोन ते चार कोणी येत नसे, तेव्हा मी स्वतःच त्यात जाऊन बसायचो. मीरा रोडला कुठला ना कुठला रस्ता बाराही महिने खणलेला असतो. तिथे राहून शांतता कशी असते हे ठाऊक असलेल्या थोड्या माणसांपैकी मी एक. आत बसलं की दोन मिनिटांत स्वतःचा श्वास ऐकू येतो, पाचव्या मिनिटाला पोटातले आवाज, आणि दहाव्या मिनिटाला झोप लागते. ध्यानाच्या शिबिरात यापेक्षा जास्त काही मिळत असेल, असं तिथून परत आलेल्यांकडे पाहून मला कधी वाटलं नाही.

तीसेक वर्षं मी पूनम सागर वसाहतीच्या बाजूला कानाची मशिनं बसवली. पाटीवर ‘श्रवणयंत्र केंद्र’ असं होतं, पण श्रवणयंत्र मागायला कधी कोणी आलं नाही. ‘कान का मशीन इधर मिलता है क्या?’ असंच विचारत. मी डॉक्टर नाही हे सुरुवातीला सगळ्यांना सांगायचो. लोक हसून ‘हां हां, डॉक्टरसाब’ म्हणायचे. पुढे मी सांगणं सोडलं. बायको म्हणायची, ‘बहिऱ्यांसमोर कबुली देऊन तुम्हाला फार मोकळं वाटतं ना?’

केंद्राचं उद्घाटन एका नगरसेवकाच्या हस्ते झालं होतं. त्याने समई पेटवली, शाल घेतली आणि बधिरांच्या समस्येवर पाऊण तास बोलला. पुढच्या आठवड्यात तोच माणूस टोपी खाली ओढून एकटा आला आणि म्हणाला, ‘माझा डावा जरा बघा, पण दार लावून घ्या.’ कानाबद्दल माणसाला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कुठल्याच अवयवाबद्दल वाटत नसावी. डोळ्यांना चष्मा लागला तर लोक फ्रेम निवडायला घरादाराला घेऊन जातात. कानाला मशीन लागलं की ‘दिसणार नाही असं आहे का?’ बेव्हर्ली पार्कमधल्या एका गृहस्थांना मी अगदी न दिसणारं मशीन बसवून दिलं. महिन्याने ते तक्रार घेऊन आले की घरात कोणाच्या लक्षातच आलं नाही.

हे मशीन करतं काय, ते सोपं आहे. एक बारीक माइक आवाज पकडतो, मशीन तो मोठा करतं आणि कानाच्या भोकाशी एक बारीक स्पीकर तो ऐकवतो. अवघड भाग असा की कान एकसारखा जात नाही. बहुतेकांचे आधी बारीक, उंच आवाज जातात: पाखरं, लहान मुलांचं बोलणं, ‘स’ आणि ‘फ’. म्हणून कुठले आवाज किती वाढवायचे हे प्रत्येकाचं वेगळं ठरवावं लागतं. आणि ज्याचे आवाज पंधरा वर्षांपूर्वी गेलेत, त्याला ते एका दुपारी परत मिळाले तर तो खूश होतोच असं नाही. एक निवृत्त बँकवाले मशीन लावून बाहेर पडले आणि पाच मिनिटांत धापा टाकत परत आले. कोणीतरी मागे लागलंय म्हणाले. मी बाहेर जाऊन पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या चपला होत्या. दुसऱ्या एक बाई मात्र तेलात मोहरी तडतडताना ऐकली म्हणून रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून कढी घेऊन आल्या. कढी आणणारे कमी, चपलांना घाबरणारे जास्त. तरी धंदा चांगला. लोकांना त्यांचंच जग परत नेऊन द्यायचा.

पण आज लिहायचं आहे ते पास्कू अंकलबद्दल. त्यांच्या कानांशी मी जे केलं ते आठवलं की अजूनही मी चहाचा कप खाली ठेवतो.

पास्कू अंकल उत्तनच्या पुढच्या चौक गावचे. वय अठ्ठ्याहत्तर, अंग वल्ह्यासारखं सरळ. आमच्याकडे आले ते नातीचा हात धरून. नातीचं नाव मेलिसा, वय वीस, भाईंदरच्या कॉलेजात शिकणारी. म्हातारा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, ‘डॉक्टर, मना लोकांचा बोलना ऐकू न्हाय आला तरी चालेल. लोक काय नवीन बोलतात? मना बाजा ऐकायचाय.’

मी विचारलं, कसला बाजा. उत्तर नातीने दिलं. अंकल तरुणपणी प्रवासी बोटीवर स्टुअर्ड होते. दुपारी चारला बोटीच्या दिवाणखान्यात चहा व्हायचा आणि तिथे तिघं वाजवायचे: एक फ्लूट, एक क्लॅरिनेट, एक पियानो. वाजवायचे ते बहुतेक फ्रेंच. अंकल गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून गेलेले. लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत, दर्याला ऐकू जाईल असं फुंकायचं, एवढंच त्यांना माहीत. इथे पाहिलं तर वाजवणारे तिघं एकमेकांशी बोलल्यासारखे वाजवतायत, आणि मधेच एकमेकांची खोडी काढतायत. ट्रे हातात धरून उभा राहिलेला हा माणूस तिथेच वेडा झाला. बोटीवरच्या क्लॅरिनेटवाल्याने जाताना त्या संगीताचे कागद त्यांना देऊन टाकले. पुढे कवळी आली आणि क्लॅरिनेट सुटलं. पण त्यांनी नातीच्या हातात फ्लूट दिली. आपल्या बासरीची ही विलायती बहीण, चांदीच्या रंगाची, आडवी धरायची. एका सरांकडून ती शिकायला मागून आणलेली. दर रविवारी जेवणं झाली की मेलिसा, क्लॅरिनेटवाला ग्लेन आणि की-बोर्डवाली एक मैत्रीण, असे तिघं अंकलच्या पुढच्या खोलीत बसून तेच कागद वाजवत. कार्यक्रम नाही, पाहुणे नाहीत, सत्कार नाही. ऐकणारा एक, आणि त्यालाच ऐकू येईनासं झालेलं.

‘बाजा ऐकू येईल ना?’ अंकलनी परत विचारलं.

‘सगळं ऐकू येईल,’ मी म्हणालो. ‘मशीन खोटं बोलत नाही. आहे तेच ऐकवतं.’

हे वाक्य मी सगळ्यांनाच ऐकवायचो. लोकांना धीर यायचा. मलाही यायचा.

दोन्ही कानांची मशिनं बसली. आमची पद्धत अशी की मशीन लावल्यावर पाठीमागे उभं राहून शब्दांची यादी वाचायची. साखर, पाऊस, शाळा, सशाचं पिल्लू. अंकलनी सगळे शब्द बरोबर सांगितले. पंधरा दिवसांनी तपासायला आले तेव्हा एकदम खुशीत होते. चर्चमध्ये फादरचा उपदेश पूर्ण ऐकला म्हणाले. ‘न ऐकायचा तेच बरा होता. लय लांब असते ते.’

आणि उठताना, दाराशी, सहज म्हणाले, ‘पोरीचा सूर मात्र हलते आता. आधी हलत न्हवता. लक्ष न्हाय तिचा. पण ते मशीनचा न्हाय, पोरीचा हाय.’

मी हसलो आणि त्यांच्या कार्डावर ‘समाधानी’ असं लिहिलं.

ऐकणं विकणारा माणूस मी. समोरचा माणूस आपली तक्रार स्वच्छ मराठीत सांगून दाराबाहेर गेला, आणि मला ती ऐकू आली नाही. त्यावर अजून मशीन निघालेलं नाही.

तीन महिन्यांनी मेलिसा एकटी आली, मशिनच्या बॅटऱ्या न्यायला. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, ‘काय म्हणतोय रविवारचा बाजा?’

‘बंद,’ ती म्हणाली. ‘फ्लूट सोडली मी. या रविवारी सरांना परत देऊन टाकणार.’

‘का गं?’

‘आजाला आवडत नाही. सूर हलतो म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी जास्त रियाज केला. तरी तेच. मग म्हणाला, तुझं चित्त ठिकाणावर नाही, कोणाच्या मागे फिरतेस का?’ ती ओशाळं हसली. ‘मी बारा वर्षांची असल्यापासून आजा चुका काढतोय. एकही खोटी नव्हती. म्हणजे आताही खरीच असणार ना? मलाच माझी ऐकू येत नाही. ज्याला आपली चूक ऐकू येत नाही त्याने वाजवूच नये.’

वीस वर्षांची मुलगी एवढ्या शांतपणे बोलली की माझ्या हातातली बॅटऱ्यांची पट्टी तशीच राहिली.

‘ग्लेनचा पण सूर हलतो का?’

‘नाही. ग्लेन बरोबर आहे म्हणतो. माझाच. आणि भरभर वाजवलं तर ठीक असतं. लांब सूर धरला की हलतो.’

लांब सूर. फ्लूटचा. मी पट्टी टेबलावर ठेवली.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सभागृहात माइक स्पीकरच्या फार जवळ गेला की कर्कश शिट्टी वाजते, हे सगळ्यांनी ऐकलंय. कानाच्या मशिनमध्ये माइक आणि स्पीकर यांच्यात बोटभरसुद्धा अंतर नसतं, त्यामुळे जुनी मशिनं सारखी शिट्टी मारायची. नव्या मशिनांमध्ये त्यावर पहारेकरी बसवलेला असतो. एखादा आवाज उंच, स्वच्छ आणि न थांबता येऊ लागला की तो समजतो ही शिट्टी, आणि तिला मोडून काढायला लागतो. बोलण्यात असा आवाज कधी येत नाही. माणसं इतका वेळ स्वच्छ राहत नाहीत. पण फ्लूटचा लांब सूर नेमका असाच असतो. क्लॅरिनेटचा आवाज लाकडी, भरलेला, तो बहुधा सुटून जातो. फ्लूट जितकी चांगली वाजेल तितकी पहारेकऱ्याला ती चोर वाटते.

म्हणजे पोरीचा रियाज वाढला तसा तिचा सूर आजाच्या कानात अधिक हलला.

मी कपाटातून तसंच एक मशीन काढलं, आमची तपासायची नळी त्याला जोडून माझ्या कानात घातली. मेलिसाला म्हणालो, ‘तुमचं ते फ्रेंच फोनवर आहे का? लाव.’ तिने लावलं. पियानो दोन पावलं चालला, क्लॅरिनेटने मागून काहीतरी टोमणा मारला, आणि फ्लूटने वरचा एक सूर धरला. पाण्यावर काडी मारावी तसा तो थरथरला, दुभंगला, आणि त्याच्या बाजूला एक बेसूर सावली उभी राहिली. यादीतला एकही शब्द असा नव्हता की ज्याने मला हे कळलं असतं. सशाचं पिल्लू आपलं यायचं आणि पळून जायचं.

मी नळी तिच्याकडे दिली. तिने ऐकलं.

‘म्हणजे मी बरोबर वाजवत होते?’

‘हो.’

‘तीन महिने?’

‘हो.’

मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, ‘आजाला तुम्ही सांगा. माझं नाही ऐकायचा तो. तुम्हीच त्याला सांगितलंय, मशीन खोटं बोलत नाही.’

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, केंद्र बंद करून मी लॅपटॉप घेऊन भाईंदरहून चौकची बस धरली. उत्तनच्या पुढे दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत घातलेले होते. ऊन पिवळं आणि जाड होतं आणि दर्यावरून येणारा वारा त्याला जागचं हलवू शकत नव्हता. बसमध्ये कंडक्टरसकट सगळे पेंगत होते. मी मनात वाक्यं जुळवत होतो. माणूस आपली चूक सांगायला निघाला की त्याची भाषा फार शुद्ध होते. ‘तांत्रिक मर्यादा’ असा एक शब्द मला सुचला आणि मी तो लगेच खिडकीबाहेर टाकला.

अंकल पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर बसले होते. भिंतीवर क्रूस, त्याखाली की-बोर्ड, वर कापड घातलेला. मेलिसा आत चहा करत होती. मी सरळ सांगितलं. माझी चूक झाली. मशीन तिच्या फ्लूटला शिट्टी समजतंय आणि मोडतंय. पोरगी बरोबर वाजवत होती.

अंकल माझ्याकडे बघत राहिले. ‘मशीनची काय दुश्मनी हाय पोरीशी? ग्लेनला काय करत न्हाय?’

मी परत समजावलं, हातवारे करून, शिट्टी मारून. ती त्यांच्या कानात थरथरली असावी. त्यांनी डोळे बारीक केले. ‘परत मारा.’ मी लांब शिट्टी मारली. ‘हलली,’ ते म्हणाले. मग दोन्ही मशिनं काढून तळहातावर ठेवली आणि म्हणाले, ‘आता मारा. जोरान.’ मी गाल फुगवून मारली. बाहेर दोन कुत्री उठून उभी राहिली. अंकलना ती कितपत ऐकू गेली कोण जाणे, पण ते हळूच म्हणाले, ‘सरल हाय.’

त्यांनी तळहातावरच्या त्या दोन वस्तूंकडे असं पाहिलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. वर न पाहताच ते म्हणाले, ‘मी तिला काय काय बोललो, तुमाला म्हाईत न्हाय, डॉक्टर.’

मला माहीत होतं. मी लॅपटॉप उघडला.

दुरुस्ती म्हणाल तर पंधरा मिनिटांची. संगीतासाठी वेगळी सोय करायची, तिच्यात पहारेकऱ्याला सुट्टी द्यायची, वरचे आवाज थोडे उतरवायचे आणि कानात बसणारा साचा घट्ट करायचा, म्हणजे खरी शिट्टी वाजणार नाही. मशिनवरचं बटण एकदा दाबलं की संगीत, परत दाबलं की माणसं. हे मी पहिल्याच दिवशी करू शकलो असतो. करायचं असतं, हे वाचलेलंही होतं. पण पूनम सागरला बाजा ऐकायला कोण येतं, असं मी धरून चाललो होतो.

अंकल म्हणाले, आधी बोटीवरचा लावा. मी मशिनं परत त्यांच्या कानात बसवली, काल मेलिसाकडून घेतलेलं तेच फ्रेंच फोनवर लावलं आणि बटण दाबलं.

मला संगीतातलं फार कळत नाही. लोक डोळे मिटून माना डोलवायला लागले की माझा तर कळण्यावरचाच विश्वास उडतो. मोठमोठ्या वाद्यवृंदांसमोर बसलं की मला शपथविधीला आल्यासारखं वाटतं. पण हे वेगळं होतं. याला खोलीतलं संगीत म्हणतात. राजवाड्यातली खोली असायची म्हणे, पण चौक गावातलीही चालत होती. पियानो बेताने चालत होता, जेवून शतपावली करणाऱ्या माणसासारखा. क्लॅरिनेट त्याच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी चावट सांगत होतं. आणि वर फ्लूट, कोणाचंच न ऐकता, एक लांब सूर धरून नुसती उभी. दुःख नाही, उपदेश नाही, काही सिद्ध करायचं नाही. मोठी माणसं दुपारी इतकी निरुद्योगी आणि इतकी नेटकी राहू शकतात, हे मला माहीत नव्हतं. दारातून वाळलेल्या बोंबलाचा वास येत होता. समोरच्या भिंतीवर पाण्याचे कवडसे हलत होते आणि मला क्षणभर खरंच वाटलं की खोली बारीकशी डुलतेय. अंकलचा डावा तळहात उताणा, छातीच्या उंचीवर आला होता. त्याच्यावर ट्रे नव्हता एवढंच.

सूर संपला. अंकलनी डोळे उघडले आणि आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, ‘मेलिसा! तुझा बाजा कुठं हाय?’

‘पेटीत.’

‘काड.’

‘कशाला? हलेल.’

बशा आपटल्याचा आवाज आला. आता अंकलना तोही पुरा ऐकू आला असावा, कारण त्यांनी मान खाली घातली. मग ते उठले, स्वतः आत गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचा मी प्रयत्नही केला नाही. तेवढी शिस्त धंद्याने शिकवलेली आहे. परत आले तेव्हा त्यांच्या हातात काळी पेटी होती आणि मागे मेलिसा, ओले हात ओढणीला पुसत.

तिने फ्लूटचे तीन तुकडे जोडले. कागद की-बोर्डवर टेकवून उभे केले. कडा पिवळ्या पडलेले, बोटीवरचेच. ओठ लावले आणि काढले. ‘पंधरा दिवस झाले हात लावला नाही, आजा. आता खरंच हलेल.’

‘हलू दे.’

तिने वाजवलं. पियानो नाही, क्लॅरिनेट नाही, नुसती तिची बाजू. त्यामुळे मधेमधे ती थांबायची, जिथे दुसरे दोघं बोलत असतील तिथे, आणि त्या रिकाम्या जागांत अंकलची बोटं मांडीवर क्लॅरिनेटची भोकं दाबत होती. मग तो लांब सूर आला. तिने तो धरला. माझा हात लॅपटॉपवर होता, काही बिघडलं तर लगेच हलवायला. मी अंकलच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो एखाद्या दुपारच्या दर्यासारखा सपाट होता. सूर संपेपर्यंत तिने डोळे कागदावरून उचलले नाहीत. पुढची ओळ भरभर होती, तिच्यात ती घुसली आणि पान संपवून थांबली.

तिने फ्लूट ओठांपासून काढून पोटाशी धरली आणि वाट पाहत राहिली, दर रविवारी पाहत असेल तशी.

‘सूर बरोबर हाय,’ अंकल म्हणाले. मग घसा साफ करून, ‘पन दुसरे ओळीला पळालीस. पोलीस मागं लागल्यागत.’

मेलिसाने कागदाकडे पाहिलं. तिचा चेहरा मी कालपासून पहिल्यांदा मोकळा झालेला पाहिला.

‘हो,’ ती म्हणाली. ‘तिथे मी नेहमीच पळते.’ आणि तिने पान मागे उलटलं.